पहिला प्रश्न

तळेगाव दाभाडे,
नोव्हेंबर

चि. सोनूस,


तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. तिथं फिलाडेल्फियात विद्यापीठामागच्या रस्त्यावर एका मुलाला ढकलून पाडलं, त्याचा फोन हिसकावला आणि तसा इशारा तुम्हा सगळ्यांच्या मोबाइलवर आला. खाली तू लिहिलंस, ‘आत्या, बाबांना सांगू नकोस, उगाच परत बोलावतील.’ चोरीपेक्षा मला या ओळीचीच जास्त काळजी वाटली, म्हणून हे सविस्तर पत्र.

बाहेरून कुणाचाही, कितीही वाजता फोन आला तरी आपल्या घरात पहिला प्रश्न ‘ठीक आहेस ना?’ हाच असतो. ‘तिथं कशाला गेली होतीस?’ असं त्या दिवशी कुणी विचारत नाही. ही रीत कुठून आली, ते तुला कुणी सांगितलं नसेल. ती सुरू झाली तेव्हा तू शाळेत होतीस.

३ एप्रिल २०१७ ला लोणावळ्यात आयएनएस शिवाजीजवळच्या डोंगरावर एका मुलाचे आणि एका मुलीचे मृतदेह सापडले. दोघं तिथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होते, आदल्या दिवशी, रविवारी फिरायला बाहेर पडले होते. पुढं पोलिसांनी आरोपी पकडले, तेव्हा मूळ हेतू लुटीचा होता असं समोर आलं. आपल्या मावळात लोहगड, विसापूर, तिकोना, राजमाची, भुशी धरण, सगळीकडे सुट्टीच्या दिवशी मुलामुलींची रीघ असते. त्यामुळे ती बातमी आम्हा सगळ्यांना घरातलीच वाटली. तेव्हाही आपल्या वरच्या खोल्यांत कॉलेजच्या मुली राहायच्या. त्यांच्या घरून फोनवर फोन आले आणि बहुतेकांनी एकच फर्मान काढलं: हिंडणं बंद.

पुढच्या वर्षी त्यातलीच एक मुलगी संध्याकाळी उशिरा घरी आली. सॅकचा एक पट्टा तुटून लोंबत होता, कोपर सोललं होतं. म्हणाली, ‘स्टेशनच्या जिन्यावर पडले.’ मी हळद लावली, चहा केला. निम्मा कप झाल्यावर तिला रडू फुटलं. मळवलीला लोकल पकडायला ती आणि तिचा मित्र भाज्याकडून पायी येत होते. मोटरसायकलवरून आलेल्या दोघांनी त्यांना अडवलं, फोन आणि पैसे काढून घेतले. जाताना एक जण म्हणाला, ‘जा, सांगा घरी, कुणाबरोबर फिरत होता ते.’

सोनू, त्या चोराला मुलांची नस बरोबर ठाऊक होती. पोलिसांत गेलं की घरी कळणार आणि घरी कळलं की शिक्षण थांबणार, ही भीती मुलांच्या मनात आपणच घालून ठेवलेली असते. त्याच भीतीच्या जोरावर तो उद्या दुसऱ्यांना अडवायला मोकळा राहतो. तक्रारच नसेल तर गस्त कुठं वाढवायची हे पोलिसांना कसं कळणार? आणि मागच्या लुटीचा बोभाटा झाला नाही, तर पुढचा माणूस त्याच वाटेनं निर्धास्त जातो. त्या रात्री मी आणि तुझ्या बाबांनी तिच्या वडिलांना फोन लावला. ते चिडले, पण शेवटी त्यांनी विचारलं, ‘पोरीला लागलं नाही ना फार?’ दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन त्यांनी तिच्याबरोबर जबरी चोरीची फिर्याद दिली. फोनच्या खोक्यावरचा आयएमईआय नंबर तेव्हा उपयोगी पडला. आपल्या घरातली रीत त्या दिवसापासूनची.

आता तुझ्या मोबाइलवर येणाऱ्या इशाऱ्यांबद्दल. त्यांच्यामागेही एक मुलगी आहे. तुझ्या फिलाडेल्फियापासून फार लांब नसलेल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी शिकत होती. ५ एप्रिल १९८६ ला वसतिगृहाच्या खोलीत चोरीसाठी शिरलेल्या तरुणानं तिचा खून केला. तो त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. आवारात आधी घडलेल्या गुन्ह्यांची आम्हाला कल्पनाच दिली नव्हती, असं तिच्या आईवडिलांचं म्हणणं होतं. ते लढले, आणि १९९० मध्ये अमेरिकेत कायदा झाला: विद्यापीठांनी आपल्याकडच्या गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी जाहीर करायचे आणि धोका कायम असेल तर विद्यार्थ्यांना वेळेवर सावध करायचं. पुढं त्या कायद्याला जीनचंच नाव दिलं. म्हणून तो इशारा वैतागून पुसू नकोस. जागा कोणती, वेळ कोणती, नीट वाच.

आपल्याकडे असा कायदा नाही, पण आता काही सोयी झाल्या आहेत. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालय झालं. तळेगाव त्यात गेलं. वडगाव, कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीणमध्येच राहिले. एकाच तालुक्यात दोन हद्दी! पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत ‘झिरो एफआयआर’ आहे, म्हणजे घटना कुठल्याही हद्दीतली असो, जवळच्या ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. हिसकावून नेणं हा आता वेगळा गुन्हा आहे. जबरी चोरीला एरवी १० वर्षांपर्यंत शिक्षा असते, पण ती महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात झाली तर १४ वर्षांपर्यंत. रात्रीच्या वाटसरूला जास्त संरक्षण हवं, हे कायदा जुन्या काळापासून मानत आला आहे. आपणही त्या वाटसरूला दोष देऊ नये.

तुमची घड्याळं आता मागे गेली. पाचच्या आत सूर्य मावळत असेल. म्हणून एवढं कर. लॅबमधून निघताना दोन-तीन जणी मिळून निघा. कुणी नसेल तर विद्यापीठाची सोबत करणारी माणसं किंवा रात्रीची गाडी मागव, त्यात संकोच कसला? रस्ता निघण्याआधी पाहून ठेव, फोन खिशात आणि कान मोकळे. कुणी मागे येतंय असं वाटलं तर घराकडे न वळता उजेडातल्या दुकानात शिर. आणि कुणी समोर उभं राहिलंच तर फोन, पर्स, मागेल ते देऊन टाक. तुझ्या आजीची साखळी असली तरी दे. वस्तूसाठी झटापट करायची नाही. सुटलीस की आधी ९११, मग विद्यापीठाचे पोलिस, मग आम्ही. फोनचा आयएमईआय नंबर आजच *#०६# दाबून वहीत उतरव आणि मलाही पाठव.

राहता राहिले बाबा. मी त्यांना काही सांगणार नाही, कारण ते तूच सांगायचं आहेस, या रविवारी. चिडतील, दोन दिवस झोपणार नाहीत, तिकिटांचे भावही बघतील. पण मळवलीच्या त्या मुलीच्या वडिलांना त्या रात्री फोनवर समजावणारे तेच होते. आज लपवलंस तर उद्या खरंच काही झालं तेव्हा त्यांना फोन करायला तुझा हात अडेल, आणि मला तेवढंच नको आहे.

जेवण वेळेवर कर. बाबांशी बोललीस की मला कळव.

तुझी,
आत्या