आईच्या बैठकीचे माप

कांदा घेऊन चाकणच्या बाजारात याल, तेव्हा परतताना पुणे-नाशिक रस्त्याकडेची भंगाराची दुकाने जरूर पाहा. कारखान्यांचा माल ज्या लाकडी खोक्यांतून येतो, त्यांच्या फळ्या तिथे मिळतात. बाहेरदेशच्या खोक्यावर शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही इंग्रजी अक्षरे असली, तर उष्णतेने कीड मारलेली आहे. ती फळी घ्या. ‘एमबी’ असेल, तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ती घरात नको.

या फळ्यांची गुडघाभर उंच बैठक करा. मागची कड पुढच्यापेक्षा दोन बोटे उंच ठेवा. गुडघे कमरेखाली राहिले की पाठ आपोआप सरळ होते. नॉर्वेत १९७९ साली अशाच उतरत्या बैठकीची, गुडघे टेकून बसायची खुर्ची निघाली. कांदा मात्र जमिनीवर नको, बाजेवर पसरा. नाहीतर पुन्हा वाकणे आलेच.

माझी आई जन्मभर उकिडवी बसून कांदा निवडायची. पुढे तिला उठताना भिंत धरावी लागे. मी गावोगाव वाफ्याचे, सरीचे माप सांगत हिंडलो. तिच्या बैठकीचे कधी घेतले नाही. तुम्ही घ्या. घरच्या निवडणारीला आधी बसवून पाहा, मगच खिळे ठोका.