ऑटोमॅटिक गाडी, उतार आणि हँडब्रेक



आपला परभणी जिल्हा म्हणजे गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या काठची सपाट काळी जमीन. उत्तरेला जिंतूरकडे आणि दक्षिणेला गंगाखेडकडे डोंगर लागतात. ते सोडले तर सेलू, मानवत, पाथरी कुठंही जा, गाडी उभी केली की ती तिथंच राहते. त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला हँडब्रेकची सवय लागलीच नाही. उलट तो न लावण्याचीच सवय आहे. मंगल कार्यालयासमोर गाड्यांची दाटी झाली की तिथला माणूस येऊन सांगतो, "सर, गाडी न्यूट्रलला राहू द्या, हँडब्रेक लावू नका, ढकलायला बरी पडते." आपणही ऐकतो. शिवाय हँडब्रेक सोडायचा विसरून चार किलोमीटर गाडी दामटलेला आणि जळका वास आल्यावर थांबलेला एक तरी पाहुणा प्रत्येक घरात असतो. तो मग सगळ्यांना सांगत सुटतो, त्या हँडब्रेकच्या भानगडीतच पडू नका.

आता यात ऑटोमॅटिक गाड्यांची भर पडली आहे. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ एएमटी गिअरसह बाजारात आणली आणि क्लचविना चालणारी गाडी पगारदार माणसाच्या आवाक्यात आली. आमच्या ओळखीतल्या शिक्षकांमध्येच आज पाच-सहा जणांकडे अशी गाडी आहे. गर्दीत डावा पाय दुखत नाही, नवशिक्याची गाडी बंद पडत नाही, सगळं खरं आहे. पण "ऑटोमॅटिक" या शब्दाने एक घोटाळा केला आहे. गाडी गिअर आपोआप बदलते. उतारावर स्वतःला आपोआप धरून ठेवते असं मात्र नाही, आणि हे नीट सांगणारं माणूस शोरूममध्ये भेटेलच असं नाही.

आमच्या शाळेचं पटांगण रस्त्यापेक्षा उंच आहे. फाटकातून आत येताना मुरमाचा चढ लागतो. स्नेहसंमेलनाच्या दिवशी एक पालक आपली नवी एएमटी गाडी घेऊन आले. डिकीत खाऊचे डबे होते. गाडी चढावरच थांबवली, बंद केली आणि मागे येऊन डिकी उघडली. पावसाने पडलेल्या एका घळीत मागचं चाक बसलेलं होतं, तेवढ्यावरच गाडी उभी होती. डबे काढून त्यांनी डिकी जोरात लावली आणि गाडी मागे निघाली. त्यांचा पोरगा डबा घेऊन बरोबर मागेच उभा. त्यांनी त्याला बखोटीला धरून बाजूला खेचलं. गाडी दहा-बारा फूट मागे जाऊन फाटकाच्या खांबाला धडकली. डबे सांडले, मागचा दिवा फुटला, तेवढ्यावर भागलं.

ते गृहस्थ निष्काळजी मुळीच नाहीत. हात थरथरत असताना त्यांनी मला जे विचारलं ते मी विसरणार नाही. "सर, आटोमॅटिक गाडी बंद केली की लॉक होत नाही व्हय?"

नाही होत. आणि का होत नाही हे समजून घ्यायला गाडीच्या आत थोडं डोकवावं लागेल.

ऑटोमॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्या सगळ्या एक नसतात. ज्यांच्या लिव्हरजवळ ‘पी’ हे अक्षर असतं, त्यांच्या गिअरबॉक्समध्ये एक दातेरी चक्र असतं. लिव्हर ‘पी’वर नेली की एक लहानशी पोलादी खिट्टी त्या दात्यांत जाऊन बसते आणि चाकांकडे जाणारी फिरकी अडवते. बस, एवढंच. तो ब्रेक नव्हे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, म्हणजे ही खिट्टी फक्त पुढची चाकं धरते. त्यातलं एक चाक चिखलात किंवा सैल वाळूवर असेल, तर ते उलटं फिरून दुसऱ्याला मोकळं सोडू शकतं. हँडब्रेक मात्र मागची दोन्ही चाकं धरतो.

एएमटी गाडीची गोष्ट आणखी वेगळी. तिच्या पोटात आपला नेहमीचाच गिअरबॉक्स आणि क्लच असतो, फक्त क्लच दाबायचं काम यंत्र करतं. अशा बहुतेक गाड्यांना ‘पी’ नसतोच! आर, एन, डी आणि एम एवढंच. म्हणजे ‘एन’वर बंद केलेली एएमटी आणि न्यूट्रलमध्ये सोडलेली बैल सोडलेली गाडी, दोन्ही सारख्याच. त्या दिवशी नेमकं हेच झालं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मी सहावीच्या वर्गाला तो चढ मोजायला लावला. विज्ञानात साधी यंत्रे हा पाठ आहेच, त्यात उतरण येते. गवंड्याकडून पाण्याची लेव्हलची नळी आणली. चढाची लांबी भरली ४० फूट आणि उंची ४ फूट. म्हणजे दहाला एक. मग वर्गात फळी तशीच तिरपी लावली, खेळण्यातल्या गाडीत वाळू भरून तिचं वजन ८०० ग्रॅम केलं आणि तिला तानकाटा अडकवला. काटा ८० ग्रॅमच्या आसपास थांबला. मुलांनी दोन-तीनदा करून बघितलं, फळी आणखी तिरपी केली, काटा वाढला. नियम त्यांनीच सांगितला: चढ जेवढ्याला एक, वजनाचा तेवढाच भाग गाडीला खाली ओढतो. (उतार फार खडा नसेल तोवर हा हिशोब चालतो. बारकावे नववी-दहावीला.)

आता खरी गाडी घ्या. माणसं आणि सामानासह १००० किलो धरू. दहाला एक चढावर तिला खाली ओढणारं बळ १०० किलो वजनाएवढं. मी विचारलं, म्हणजे किती रे? एक जण म्हणाला, "सर, सोयाबीनचं एक क्विंटल." बरोबर. एक क्विंटलचा भार दिवसभर, रात्रभर, न थकता गाडी ओढत असतो आणि आपण तो एका बोटाएवढ्या खिट्टीवर सोडून बाजाराला जातो. खिट्टी तुटत नाही सहसा, मजबूत असते. पण ती दात्यात घट्ट रुतते. निघताना लिव्हर जड लागते, ‘खट्ट’ असा आवाज येतो आणि गाडीला हिसका बसतो. हा आवाज तुमच्या गाडीतून येत असेल तर समजा, उतारावर सगळा भार खिट्टीवर जातोय.

दुसरा हिशोब मुलांपेक्षा पालकांसाठी जास्त महत्त्वाचा आहे. त्या ४० फुटांच्या चढावरून गाडी वरपासून खालपर्यंत मोकळी सुटली, तर घर्षण सोडून देता खाली येईपर्यंत तिचा वेग ताशी सुमारे १७ किलोमीटर होतो. हजार किलो, सतरा किलोमीटर. सुरुवातीचे दोन-तीन फूट ती इतकी हळू सरकते की माणसाला वाटतं, आपण हाताने अडवू. मागे उभं राहून ढकलायला जातो. तसं कधीच करू नका, गाडी गेली तर जाऊ द्या. १९ जून २०१६ रोजी लॉस एंजेलिसमध्ये अँटन येल्चिन हा २७ वर्षांचा सिनेनट स्वतःच्याच घराच्या उतारावर, स्वतःच्याच जीप ग्रँड चेरोकीखाली सापडून गेला. गाडी मागे घरंगळत आली आणि फाटकाच्या खांबाशी त्याला तिने चिरडलं. त्या गाडीची लिव्हर कुठल्याही गिअरवर नेली तरी परत मधे येऊन थांबायची, त्यामुळे गाडी ‘पी’त गेली की नाही हे चालकाला पटकन कळत नसे. कंपनीने त्याच वर्षी एप्रिलमध्ये जगभरातल्या ११ लाखांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. हँडब्रेक हा असा, कुठल्याही लिव्हरच्या आणि संगणकाच्या बाहेरचा आधार आहे.

मग करायचं काय? गाडी थांबली की उजवा पाय ब्रेकवरच ठेवा. लिव्हर ‘एन’वर न्या, हँडब्रेक पूर्ण ओढा, आणि मग पाय हळूच उचला. गाडी इंचभर हलून हँडब्रेकवर बसेल. भार आता त्याच्यावर गेला. पुन्हा पाय ब्रेकवर ठेवून लिव्हर ‘पी’वर न्या आणि गाडी बंद करा. एएमटी असेल तर ‘पी’ऐवजी, तोंड चढाकडे असेल तर ‘डी’, उताराकडे असेल तर ‘आर’, आणि पाय ब्रेकवर असतानाच इंजिन बंद. म्हणजे गाडी गिअरमध्ये राहते आणि इंजिन तिला अडवून धरतं. आपल्या गाडीची पुस्तिका एकदा बघा, काही गाड्यांत थोडा फरक असतो. निघताना उलटा क्रम: पाय ब्रेकवर, इंजिन चालू, गिअर, आणि हँडब्रेक शेवटी.

नवीन गाड्यांत हँडब्रेकच्या जागी नुसतं बटण असतं. काम तेच. दिवा लागला की नाही एवढं बघायचं.

माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला किंवा वेरूळ-म्हैसमाळला आपण मुलांना घेऊन जातो, तेव्हा घाटात चाकंही वळवून ठेवावीत. डाव्या कडेला डोंगर असेल तर उतारावर पुढची चाकं डोंगराकडे वळवा, गाडी सुटलीच तर ती दरडीला जाऊन टेकेल. डावीकडे दरी असेल तर मुळात तिथं थांबूच नये. आणि चाकाखाली दगड लावायला लाजू नका. आपले आजोबा बैलगाडीला लावत होते, ट्रकवाले आजही लावतात. फक्त निघताना तो काढून बाजूला टाका, रस्त्यात सोडू नका.

चढावर सिग्नलला किंवा रांगेत थांबताना एएमटीवाले आणखी एक करतात, अॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर धरून ठेवतात. त्यात क्लच घासून तापतो. चढावर आपोआप धरून ठेवण्याची सोय असली तरी ती दोन-तीन सेकंदांपुरतीच असते. थांबायचं तर ब्रेक, जास्त वेळ थांबायचं तर हँडब्रेक.

कायद्यातही हे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे चालक जागेवर नसताना सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी ठेवायची तर इंजिन बंद हवं, आणि ब्रेक लावून किंवा दुसऱ्या उपायाने ती आपोआप चालू पडणार नाही याची सोय केलेली हवी. परवान्याच्या चाचणीत चढावर गाडी मागे न सरकू देता उचलणं येतं, ते बहुतेकांना ऐकून माहीत असतं. हे कलम मात्र मी ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

पालकांनी विचारलेला एक प्रश्न राहिला. मूल गाडीत बसवून पाच मिनिटं दुकानात गेलं तर? हँडब्रेकचं बटण लहान मुलाच्या हाताला बरोबर सापडतं, आणि त्याला ते दाबायचंच असतं. म्हणून उतारावर मूल एकटं गाडीत ठेवू नये, आणि सपाटीवरही गिअर आणि हँडब्रेक दोन्ही असावेत, एकाच्या भरवशावर नको.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी महिनाभर घरासमोर उभी राहणार असेल तेव्हा मात्र हँडब्रेक चिकटू शकतो, विशेषतः गाडी धुऊन लगेच लावली असेल तर. तिथं जागा सपाट असेल तर ‘पी’ किंवा गिअर आणि चाकांना पुढून-मागून दोन विटा, एवढं पुरतं. आमच्या शाळेच्या चढापाशी आता असेच दोन दगड चुना लावून ठेवलेले असतात. ते चाकाला लावायचं काम मोठ्यांचं, मुलांनी गाडीच्या मागे जायचं नाही, असं फळ्यावर लिहिलं आहे.