तीन वीसला आमच्यातून काय गेलं!

14 सप्टेंबर 2015, दुपारचे 3 वाजून 20 मिनिटं. तेव्हा मी कुरुंद्यात काय करत होतो, आठवत नाही. हळदीत असेन, नाहीतर ओसरीवर लोळत असेन. पण त्या क्षणी माझ्यातून, गोठ्यातल्या बैलांतून, विहिरीच्या पाण्यातून एक लाट आरपार गेली होती आणि हे मला कळलं या आठवड्यात! तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही.

सुमारे 130 कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं गरगरत एकमेकांत मिसळली. एक 36 सूर्यांच्या वजनाचं, दुसरं 29. बेरीज 65 ना? उरले 62! तीन सूर्यांचं वस्तुमान डोळ्याचं पातं लवेतो गुरुत्वीय लाटा, म्हणजे अवकाशालाच ताणत-आखडत जाणाऱ्या लाटा, होऊन निघून गेलं. आजीला सांगितलं तर म्हणाली, "सूर्य म्हंजी काय खडीसाखर हाय का रं, इरघळायला?"

ती लाट पकडली अमेरिकेतल्या दोन 'लायगो' वेधशाळांनी. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी 4 किलोमीटर. एकच लेसर दुभागून दोन्हींत सोडायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि दोन्ही किरण जुळतात का बघायचं. लाट आली की एक बाजू ताणते, दुसरी आखडते. किती? प्रोटॉनच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी! आणि मी शेताची मोजणी वीतभर चुकली म्हणून भांडणारा माणूस.

गोंगाटातून असा इशारा निवडायचं गणित पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्र संस्थेत शास्त्रज्ञ संजीव धुरंधर नव्वदच्या दशकापासून करत होते. आणि आता तशीच वेधशाळा कुठे होणार? आमच्या औंढा नागनाथजवळ! 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रानं 2600 कोटी मंजूर केले. एवढ्या दूरच्या आणखी एका कानामुळे लाट आभाळाच्या कुठल्या कोपऱ्यातून आली ते नेमकं सांगता येईल. गंमत बघा, पांगरा शिंद्याकडे जमिनीतून गुडगुड ऐकू आली की आम्ही अंगणात धावतो. इथं माणसं विश्वाची गुडगुड ऐकायला येणार!

त्या लाटेचा आवाज केलेला मिळतो. मोबाइलच्या स्पीकरवर नीट उमटेना, म्हणून इअरफोन आजीच्या कानात घातला. खालून वर चढणारा, क्षणात संपणारा सूर. तिनं पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा.

"पाखरू हाय की हे."

शास्त्रज्ञही त्याला चिवचिवच म्हणतात, आजी!