दोन घ्या, नाहीतर घेऊ नका

"जुना गेम नव्या कपड्यात आलाय, घ्यायचा का रे?" हा प्रश्न मला ऑफिसात वर्षातून चार वेळा तरी विचारला जातो. विचारणारे माझ्याच वयाचे. म्हणजे घराच्या हप्त्याची तारीख पाठ आहे, पण कोणी नुसतं 'डायब्लो टू' म्हटलं की चेहरा बारावीतल्या पोरासारखा होतो, असे. २०२५ च्या एप्रिलमध्ये ऑब्लिव्हियनचा रीमास्टर आला तेव्हा तर आमच्या लंच टेबलवर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्यामुळे आज एकदाच सगळं लिहून टाकतो. पुढच्या वेळी कोणी विचारलं की नुसतं "वाच" म्हणायचं, आणि आपण आपला डबा खायचा.

तर मंडळी, आधी थोडी शिकवणी. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्याला रीमास्टर आणि रीमेक यांतला फरक समजावायला फार कष्ट पडू नयेत. बिल्डिंग चाळीस वर्षांची झाली की सोसायटीपुढे दोन रस्ते असतात. पहिला : स्ट्रक्चरल ऑडिट करा, खांबांना जॅकेटिंग करा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करा, बाहेरून प्लास्टर आणि वर झकास रंग. जिना तोच, शेजारी तेच, तिसऱ्या मजल्यावरचा गळका पाइपही तोच. हा रीमास्टर. दुसरा रस्ता : सगळं पाडा आणि टॉवर बांधा. पत्ता तेवढा जुना, बाकी भिंत न् भिंत नवी. हा रीमेक. 'फायनल फँटसी सेव्हन'चं २०२० मध्ये हेच झालं. १९९७ च्या गेममधलं सुरुवातीचं एक शहर तेवढं घेतलं आणि त्याच जागेवर अख्खा वेगळा गेम उभा केला.

तिसराही एक प्रकार असतो. ब्रोशरमध्ये क्लबहाउस, हातात मात्र भलतंच. २००२ चा 'वॉरक्राफ्ट थ्री' जानेवारी २०२० मध्ये 'रीफोर्ज्ड' म्हणून परत आला तो असा. (तो रोल-प्लेइंग नाही, स्ट्रॅटेजी गेम आहे, पण धडा तोच.) आधी दाखवलेले देखणे प्रसंग आलेच नाहीत, आणि ज्यांनी नवा घेतला नव्हता त्यांच्याही जुन्या गेमच्या जागी नवा क्लायंट येऊन बसला. म्हणजे रीडेव्हलपमेंटला सही न करताच घर गेलं! लोक इतके चिडले की कंपनीला पैसे परत द्यावे लागले.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय : 'डायब्लो टू रिझरेक्टेड'. मूळ गेम जून २००० चा, 'लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन' हा वाढीव भाग २००१ चा, आणि रीमास्टर २३ सप्टेंबर २०२१ चा. तो पहिल्या रस्त्याने गेलेला आहे, आणि किती प्रामाणिकपणे गेला आहे हे इंजिनिअर माणसाला बघण्यासारखं आहे. आत जुन्याच गेमचं लॉजिक चालतं, सेकंदाला २५ फ्रेमच्या जुन्या तालावर. त्याच्यावर नवीन थ्री-डी चित्रांचा थर चढवलाय. खेळता खेळता कीबोर्डवरचं 'जी' दाबलंत की वरचा थर उतरतो आणि खाली ते जुनं, चौकटी-चौकटीचं जग जसंच्या तसं दिसतं. परत 'जी' दाबा, नवा रंग हजर. ऑब्लिव्हियनच्या रीमास्टरमध्येही कल्पना हीच आहे. चित्रं अनरियल इंजिन फाइव्ह काढतं, खाली २००६ चं जुनं इंजिन राबतं. तिथे तर एका पात्राचं बोलणं चुकतं, अभिनेत्री "थांबा, परत घेते" म्हणते आणि पुन्हा बोलते. मूळ गेममध्ये राहून गेलेली ती गंमत त्यांनी मुद्दाम तशीच ठेवली आहे. मला हे फार आवडलं.

जुने खांब ठेवले की जुने खांब भोवतातही. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझरेक्टेडचे सर्व्हर सारखे झोपायला लागले. ब्लिझार्डने तेव्हा जे सविस्तर स्पष्टीकरण दिलं ते मी आमच्या टीमला वाचायला लावलं होतं. गेम उघडणं, त्यात शिरणं ही कामं करणारी एक महत्त्वाची सेवा जुन्या कोडमधलीच होती. वीस वर्षांपूर्वी लोक एक गेम उघडून आरामात खेळत बसायचे. आताचे लोक गाइड वाचून येतात, एकच राक्षस मारायला गेम उघडतात, मिनिटाभरात बंद करतात, लगेच दुसरा उघडतात. कोड तोच होता, माणसांच्या सवयी बदलल्या होत्या. ज्यांनी कधी लेगसी सिस्टिम सांभाळली आहे त्यांचा हात इथे आपोआप कपाळावर जाईल.

असो. ग्राफिक्स छान, आवाज छान, खांब शाबूत. मग घ्यायचा का?

इथे मला आमच्या मुलुंड पूर्वेच्या सायबर कॅफेबद्दल सांगावंच लागेल. सहा मशीन, एक कूलर, आणि दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी. घरी डायल-अप होतं. त्यावर नेट लावलं की आई ओरडायची, कारण मावशीचा फोन लागायचा नाही. त्यामुळे इंटरनेटवरून डायब्लो खेळणं ही आमच्यासाठी ऐकीव गोष्ट होती. कॅफेतली मशीन मात्र एकमेकांना जोडलेली होती. एकाने गेम उघडायचा, आयपी ॲड्रेस ओरडून सांगायचा, बाकीच्यांनी टाइप करून आत शिरायचं. मी आणि माझा दादा (माझ्याहून चार वर्षांनी मोठा) शनिवारी दोन तास शेजारी-शेजारी बसायचो. तो बार्बेरियन, मी नेक्रोमॅन्सर. म्हणजे तो पुढे जाऊन मार खाणार आणि मी मागून सांगाड्यांना कामाला लावणार. घरातही साधारण हीच विभागणी होती.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी दोन नियम सांगतो. एक : राक्षस मेला की त्याच्याकडचा माल जमिनीवर सांडतो, आणि ज्याने आधी क्लिक केलं त्याचा. वाटणी-बिटणी काही नाही. (पुढे २०१२ मध्ये 'डायब्लो थ्री'ने प्रत्येकाला स्वतःचा वेगळा माल दिला. भांडणं मिटली आणि निम्मी मजाही गेली.) दोन : तुमचीच दोन पात्रं असली तरी एकाची वस्तू दुसऱ्याला थेट देता यायची नाही. प्रत्येकाची पेटी वेगळी. मग करायचं काय? तर भरवशाचा माणूस गाठायचा. त्याच्या गेममध्ये जाऊन आपली जिवापाड जपलेली तलवार जमिनीवर टाकायची, बाहेर पडायचं, दुसरं पात्र घेऊन परत यायचं आणि ती उचलायची. मधल्या अर्ध्या मिनिटात तो माणूस तुमच्या मालावर उभा. त्याने उचलली तर तुम्ही काही करू शकत नाही.

माझा भरवशाचा माणूस दादा होता. राक्षसाचा माल तो माझ्या डोळ्यांदेखत पळवायचा, त्यात त्याला काडीचीही लाज नव्हती. पण मी खाली ठेवून गेलेली वस्तू त्याने कधी उचलली नाही. एकदाही नाही. तेव्हा मला त्यात विशेष काही वाटायचं नाही. दादाच तो, उचलेल कशाला?

आता रीमास्टरकडे या. सांडलेल्या मालाचा नियम त्यांनी तसाच ठेवला, शाबास. पेटी मोठी केली. जुनी ४८ खणांची होती, आता १०० खणांची. आणि जोडीला सगळ्या पात्रांना सामायिक पेटी दिली. म्हणजे आता वस्तू इकडून तिकडे न्यायला कोणाला पहाऱ्यावर उभं करायची गरज नाही. सोय म्हणून उत्तम, मी स्वतः रोज वापरतो. आणि आयपी ॲड्रेस टाकून खेळायची ती जुनी सोय? ती काढून टाकली. गेम बाजारात यायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं होतं. एकत्र खेळायचं तर प्रत्येकाचं स्वतःचं खातं, स्वतःची प्रत आणि मध्ये त्यांचा सर्व्हर. सहाही मशीन एकाच खोलीत असली तरी.

म्हणजे रंग मिळाला, खांब मिळाले, गळका पाइपसुद्धा मिळाला. फक्त जिन्यात भेटणारा शेजारी तेवढा या व्यवहारात येत नाही. तो आपला आपण आणायचा.

माझा दादा गेली अकरा वर्षं टोरांटोजवळ असतो. बाबा गेल्यावर मुलुंडचा फ्लॅट आई, तो आणि मी अशा तिघांच्या नावावर यायचा होता. आणि त्याच सुमारास सोसायटीने खरोखरच दुसरा रस्ता धरला, रीडेव्हलपमेंट. सह्या, संमतिपत्रं, भाड्याचा करार, कॉर्पस फंड. दादाला प्रत्येक वेळी येणं शक्य नाही, म्हणून त्याने माझ्या नावाने मुखत्यारपत्र करायचं ठरलं. त्यावर तो म्हणाला, "वकिलाला दाखवून सांगतो."

यात चूक काहीच नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही दाखवलं असतं. पण ते वाक्य मला लागलं. पुढचे पाच महिने आमच्यात जे काही बोलणं झालं ते पीडीएफमधून झालं. 'कृपया जोडपत्र पाहावे' असं सख्ख्या भावाला लिहिताना कसं वाटतं ते ज्याने लिहिलंय त्यालाच कळेल. आई रोज विचारायची, "दादाचा फोन आला होता का?" मी म्हणायचो, "मेल आलाय."

त्याच सुमारास गेमचा सेल लागला. मी बराच वेळ आकडेमोड केली. एक प्रत घ्यावी, रात्री झोपण्यापूर्वी तासभर एकट्याने खेळावं. जुन्या, एकट्याने खेळलेल्या पात्रांच्या सेव्ह फायलीही यात चालतात म्हणे. पण चालतात त्या फक्त ऑफलाइन, आणि ऑफलाइनचं पात्र ऑनलाइनमध्ये नेता येत नाही. मग मी दोन प्रती घेतल्या. दुसरी दादाला पाठवली. सोबत काहीच लिहिलं नाही. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं, "बार्बेरियन मीच."

आता शनिवारी इथले सकाळचे साडेसात म्हणजे उन्हाळ्यात त्याच्याकडे शुक्रवार रात्रीचे दहा. पोरं झोपलेली असतात, दोन्हीकडची. पहिल्या शनिवारी आम्ही तासभर खेळलो आणि त्यात कागदपत्रांबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिसऱ्या शनिवारी दलदल तुडवताना तो सहज म्हणाला, "आईचं शुगर कितीवर आहे रे?" मी सांगितलं. मग थोडा वेळ नुसतेच राक्षस मारले. नंतर म्हणाला, "नवीन घरात तिला खालचाच मजला घे. लिफ्टचा भरवसा नाही."

त्याने मुखत्यारपत्रावर सही केली ती काही गेममुळे नाही. वकिलाने मसुदा तिसऱ्यांदा बदलून दिला, दोघांचंही समाधान झालं, मग केली. पण सही झाल्यावरही आमचं बोलणं थांबलं नाही, ते मात्र या गेममुळे. राक्षसाचा माल तो अजूनही पळवतो. मागच्या आठवड्यात माझ्या नाकासमोरून एक अंगठी उचलली आणि वर खदाखदा हसला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

तर माझं उत्तर हे असं. जुना गेम कसा दिसतो एवढंच बघायचं असेल तर यूट्यूबवर अर्धा तास बघा, पैसे वाचवा. एकट्याने खेळणार असाल तर घेण्याआधी स्वतःला विचारा, तुम्हाला गेम आठवतोय की शेजारची खुर्ची? गेमच आठवत असेल तर खुशाल घ्या, काम चोख केलंय. खुर्ची आठवत असेल तर एका प्रतीचे पैसे वाया जातील. पहिल्या दिवशी 'जी' दाबून दाबून बघाल, आठवड्याने काढून टाकाल, आणि डिस्कवरची तीसेक जीबी मोकळी केल्याचं समाधान तेवढं मिळेल. त्या खुर्चीवरचा माणूस हयात असेल आणि तुमच्याशी बोलत असेल, किंवा बोलत नसेल, तर दोन घ्या.

ता. क. - दोघांनी एकाच प्रकारच्या मशीनसाठी घ्या. पीसीवाला आणि प्लेस्टेशनवाला यात एकत्र खेळू शकत नाहीत. खातं एकच असेल तर स्वतःची पात्रं इकडून तिकडे नेता येतात, पण भाऊ नेता येत नाही. :)