गाडी डॉकला लागेपर्यंत

भिवंडी हे यंत्रमागांचं गाव. आता त्याच्या आसपास काल्हेर, पूर्णा, मानकोलीपासून थेट पडघ्यापर्यंत पत्र्याच्या उंच शेड पसरल्या आहेत. मुंबई-नाशिक महामार्ग हाताशी, न्हावाशेवा बंदर आवाक्यात. पूर्वी मुंबईची जकात टाळायला माल शहराच्या अलीकडेच उतरवून ठेवत. 2017 च्या जुलैत जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं हलली नाहीत. करापायी राज्याराज्यात छोटी गोदामं ठेवायची गरज संपली आणि कंपन्यांनी मोजक्या ठिकाणी मोठाली गोदामं घेतली. अशाच एका बड्या लॉजिस्टिक्स कंपनीत मी शिफ्ट सुपरवायझर आहे.

या नोकरीने मला पुष्कळ दिलं. पगार ठरल्या तारखेला होतो, पीएफ कापला जातो, सॅलरी स्लिप पाहून बँक घरासाठी कर्ज देते. गावाकडून आलेला मुलगा आधी खोकी उचलतो, मग हातात स्कॅनर घेतो आणि बघता बघता स्टॉकचा हिशेब सांभाळू लागतो. असं वर येताना मी अनेकांना पाहिलं आहे आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे.

कामातही एक नशा आहे. रात्री डॉकवर, म्हणजे गोदामाच्या माल चढवायच्या फलाटावर, गाडी भरताना जो माल सगळ्यात शेवटी उतरायचा, तो सगळ्यात आधी आत जातो. जड खाली, नाजूक वर. दार बंद झालं की सील ठोकायचं आणि त्याचा नंबर बिल्टीवर चढवायचा. मालासोबतच्या ई-वे बिलात गाडीचा नंबर पडला की त्याची मुदत सुरू होते, 200 किलोमीटरला एक दिवस. पहाटे सगळ्या गाड्या वेळेत सुटल्या की अंग मोडून आलेलं असलं तरी मन शांत असतं.

दसरा-दिवाळीला मात्र रजा बंद. लोकांच्या घरी कंदील लागतात तेव्हा आम्ही डॉकवर असतो. त्याहून मला खुपतं ते वेगळंच. एकाच रॅकवर, एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एक कंपनीचा आणि दुसरा ठेकेदाराचा असतो. सीझन संपला की दुसऱ्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं जातं. हमालांसाठी अण्णासाहेब पाटील लढले, 1969 साली माथाडी कायदा झाला, म्हणून पाठीवर ओझं वाहणाऱ्याला या राज्यात पीएफ आणि बोनस मिळू शकला. तसा आधार ठेकेदाराच्या या पोरांना नाही.

आणि ड्रायव्हरला तर कोणाचाच नाही. तो आमच्या हजेरीपटावर नसतो. बहुतेक गाड्या लहान मालकांच्या असतात आणि मोटार कामगारांचा 1961 चा जुना कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या मालकांपुरताच होता. डॉक रिकामा नसला की ड्रायव्हर गेटबाहेर थांबतो, कधी चार तास, कधी पुढची सकाळ होईपर्यंत. थांबल्याचे पैसे मिळालेच तर ते मालकाला.

गेल्या उन्हाळ्यात बीडकडचे एक ड्रायव्हर काका ट्रेलरच्या सावलीत स्टोव्हवर भात शिजवत बसले होते. मला पाहून उठले. ‘‘साहेब, अंघोळीपुरतं पाणी कुठं मिळंल?’’ गेटच्या आत चॉकलेटच्या खोक्यांसाठी आमच्याकडे एसीची खोली आहे. या माणसासाठी नळ नव्हता. मी त्यांना आमच्या कामगारांच्या बाथरूममध्ये नेलं, तर सिक्युरिटीने नियम दाखवला: ड्रायव्हरला आत प्रवेश नाही. मी तिथेच भांडलो. त्या दिवशी काकांची अंघोळ झाली, नियम मात्र अजून तसाच आहे.

2025 मध्ये नव्याने बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. पण रांगेत उभ्या गाडीचं इंजिन बंद असतं. आणि रस्त्यावर आजही जुन्याच गाड्या जास्त आहेत.

कंपनी मोठी की लहान, हे मी आता तिच्या गेटबाहेर पाहून ठरवतो. ज्यांच्या टेबलावर नव्या गोदामांचे नकाशे येतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: डॉक, रॅक, ऑफिस आखून झालं की गेटच्या आतच ड्रायव्हरांसाठी एक खोली काढा. संडास, अंघोळीची जागा, प्यायचं पाणी आणि पाठ टेकायला चार-सहा खाटा. एक ट्रेलर उभा करायला जेवढी जागा लागते, तेवढ्यात हे सगळं बसतं.