किल्ली कुणाच्या हातात?

आळस ही शोधाची जननी आहे, असं आमच्या होस्टेलवर मानतात. मीही त्याच पंथाचा. माझी मेल डिपार्टमेंटच्या लिनक्स सर्व्हरवर येते. रूमवरून ती वाचायची तर एसएसएचने जोडायचं आणि दर वेळी पासवर्ड टाकायचा. दिवसातून वीसदा! एका शनिवारी ठरवलं, ही कटकट आज मिटवायचीच.

कृती तशी सोपी. एसएसएच-कीजेन ही कमांड किल्ल्यांची जोडी बनवते. पब्लिक की सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये एक ओळ म्हणून टाकायची, प्रायव्हेट की आपल्याजवळ ठेवायची. सर्व्हरने ओळख विचारली की आपलं मशीन प्रायव्हेट कीने सही करून देतं. ती की स्वतः नेटवर्कवर जातच नाही. मग मट या मेल वाचायच्या प्रोग्रामला सांगायचं, बाबा रे, एसएसएचमधूनच सर्व्हरवरचा आयमॅप प्रोग्राम चालव. दारातच ओळख पटलेली असते, त्यामुळे आयमॅप पुन्हा पासवर्ड मागत नाही.

माझं घोडं मात्र दोन तास अडलं. शेवटी कळलं, माझ्या होम डिरेक्टरीत ग्रुपलाही लिहायची परवानगी होती. अशा उघड्या घरातल्या फाइलवर सर्व्हर विश्वास ठेवत नाही. होमची परमिशन 755 केली, एसएसएचच्या फोल्डरची 700, फाइलची 600, आणि मेल धाडकन उघडली! रूममेटला उठवून दाखवलं. त्याने "बरं" म्हणून पांघरूण ओढलं.

एक गोष्ट मात्र त्याला सांगितली नाही. किल्ली बनवताना पासफ्रेज विचारतात, तिथे मी नुसतं एंटर, एंटर केलं होतं. वर लॅबमधूनही मेल दिसावी म्हणून तीच प्रायव्हेट की पेनड्राइव्हवर घेतली होती.

पंधरा दिवसांनी पेनड्राइव्ह हरवला.

मेलबॉक्समधल्या असाइनमेंट्सचं काही नाही हो. पण बाबांची नोकरी गेल्यावर ताईने लिहिलेल्या मेल्स तिथेच होत्या. माझ्या फीसाठी काय गहाण ठेवलं, आईला काय कळू द्यायचं नाही, सगळं. धावत रूमवर आलो आणि ऑथराइज्ड-कीजमधली ती ओळ पुसली. अर्धं मिनिट लागलं. पण पेनड्राइव्ह शेवटचा दोन दिवसांपूर्वी वापरला होता. मधल्या काळात कुणी आत डोकावलं का? ते लॉग बघायची परवानगी साध्या यूजरला नसते.

गंमत बघा. 1995 साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरले, म्हणून तिथल्या तातू इलोनेनने एसएसएच लिहिलं. वाटेतला चोर त्याने अडवला. पण घराची किल्ली खिशातून पाडणाऱ्याला तो बिचारा काय करणार?

आता प्रत्येक मशीनची किल्ली वेगळी. सगळ्यांना पासफ्रेज. सकाळी एकदा एसएसएच-एजंटला ती दिली की दिवसभर पासवर्डशिवाय मेल उघडते. म्हणजे आळसही शाबूत! पेनड्राइव्हवर फक्त नोट्स.

ताईला सगळं खरं सांगितलं. तिचं एका ओळीचं उत्तर आलं, "राहू दे, यापुढे फोनच करत जाईन."

त्यानंतर तिची मेल आलेली नाही. मेलबॉक्स मात्र आता एकदम सुरक्षित आहे.