भीती कशाची, भरवसा कशावर

कांदिवलीच्या आमच्या चाळीत एड्सचे नाव कुणी मोठ्याने घेत नसे. 'ती बीमारी' म्हटले की पुरे. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांच्या तपासणीतून देशातले पहिले एचआयव्हीबाधित उजेडात आले. पुढे मुंबईतही फलक लागले. लोक ते वाचत, आणि हे ट्रकवाल्यांसाठी, कामाठीपुऱ्यासाठी आहे, असे म्हणून लोकल पकडत.

ती बीमारी आमच्या मजल्यावर आली २००२ साली. शेजारचे भाई टेम्पो चालवीत. भाभी पहिलटकरीण होती. गरोदरपणाच्या तपासणीत तिचे रक्त बाधित निघाले, मग भाईंचेही. बाळ जन्मले आणि काही महिन्यांत भाई क्षयाने गेले. मय्यतीला गुस्ल द्यायला कुणाचे हात पुढे येईनात. आमच्या अब्बांनी ओळखीच्या डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, हातमोजे घाला, हाताला जखम असेल तर झाकून घ्या, नंतर साबणाने हात धुवा. गुस्ल झाले, कफन झाले, जनाज्याला खांदेही मिळाले. पण भाभीच्या घरचा चहा कित्येक महिने कुणी घेतला नाही.

वस्ती ज्याला भीत होती त्यातून हा विषाणू जातच नाही. एका ताटात जेवणे, गळाभेट, एकच संडास, डास, खोकला, कशानेही नाही. तो जातो चारच वाटांनी : बाधित व्यक्तीशी निरोधाविना शरीरसंबंध, बाधित रक्त, दुसऱ्याने वापरलेली सुई, आणि बाधित आईकडून बाळाला, गर्भात, बाळंतपणात किंवा दुधातून. वाटा ठाऊक आहेत म्हणून त्या अडवता येतात. निरोध वापरावा, रक्त तपासलेलेच घ्यावे, सुई नवी असावी, गरोदरपणी चाचणी करावी.

आणि वस्तीचा ज्यावर भरवसा होता ते पुरे पडत नाही. 'आपली सुंता झालेली, आपल्याला काय होणार,' असे नाक्यावर आजही ऐकू येते. सुंतेमुळे स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण सुमारे ६० टक्क्यांनी घटते, हे आफ्रिकेतल्या पाहणीवरून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली मान्य केले. पण साठ म्हणजे शंभर नव्हे. आणि नवरा बाधित असेल तर त्याच्या सुंतेने बायको वाचत नाही. दुसरा भरवसा निकाहाचा. भाभीने नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष जाणला नव्हता. तिला लागण झाली ती स्वतःच्या घरात.

तिचे बाळ मात्र वाचले. कळा सुरू होताना तिला आणि जन्मल्यावर बाळाला नेव्हिरापिनचा एकेक डोस दिला होता. अठरा महिन्यांनी बाळाच्या रक्तात काही निघाले नाही. उपचाराविना अशा बाळांपैकी शंभरात पंधरा ते पंचेचाळीस बाधित होतात. आईला वेळेवर पूर्ण औषधे मिळाली तर हा आकडा पाचाच्या खाली येतो. १ एप्रिल २००४ पासून सरकारने औषधे मोफत द्यायला सुरुवात केली, मुंबईत जे. जे. रुग्णालयात. भाभी तेव्हापासून गोळ्या घेते आहे. मुलगा आज कमावता आहे. २०१७ पासून तर निदान होताच, प्रकृती उत्तम असली तरी, औषध सुरू करतात. नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. म्हणजे उपचार हाही प्रतिबंधच आहे. पण चाचणीच केली नाही तर उपचार कुठून होणार?

कायदाही पाठीशी आहे. २०१७ साली झालेला एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. मर्जीविरुद्ध चाचणी करणे, निकाल इतरांना सांगणे, या कारणाने नोकरी किंवा उपचार नाकारणे याला त्यात बंदी आहे.

आमच्याकडे निकाह ठरवताना खोली कुठे, नोकरी पक्की का, मेहर किती, हे सगळे विचारतात. दोघांनी राजीखुशीने चाचणी करून घ्यावी, एवढे म्हणायला जीभ अडते. शताब्दीसारख्या पालिकेच्या रुग्णालयात ती मोफत होते. धोका नुकताच घडला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करावी. काही विचारायचे असेल तर १०९७ हा फोन फुकट आहे.

मध्यंतरी भाचीच्या बोलणीत हा विषय भाभीनेच काढला. मुलाकडची मंडळी गप्प झाली. थोड्या वेळाने मुलगाच म्हणाला, "खाला, कधी जायचं ते सांगा."